डबा बंद होण्यापूर्वी

तक्रार निवारण या विषयावर सरकारी प्रशिक्षणवर्गांत मी बरीच व्याख्याने ऐकली आहेत, आणि सेवाज्येष्ठता वाढत गेली तशी काही दिलीही आहेत. या विषयाची परिभाषा आता ठरून गेली आहे. १९९७ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत नागरिकांच्या सनदेचा निर्णय झाला, २००७ मध्ये केंद्र सरकारचे तक्रारींचे ऑनलाइन पोर्टल सुरू झाले, आणि तक्रार निकाली काढण्याची मुदत कमी होत होत ऑगस्ट २०२४ मध्ये एकवीस दिवसांवर आली. हे सर्व चांगलेच आहे. मात्र तक्रार केव्हा स्वस्त असते व केव्हा महाग होते, आणि काही माणसे ती मुळीच का करीत नाहीत, याचे माझे शिक्षण झाले ते कोलकात्यातील एका चिनी खाण्याच्या दुकानाच्या खिडकीशी.

२०१६ साली माझी कोलकात्याला बदली झाली. मुलाची दहावी जवळ आली होती, म्हणून कुटुंब पुण्यातच राहिले. बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांना हा संसार सांगायला नको. सकाळचे जेवण कार्यालयाच्या उपाहारगृहात होई, आणि रात्री आठवड्यातून तीन-चार वेळा मी या दुकानाकडे वळे. क्वार्टर्सच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर, बाजाराच्या तोंडाशी ते होते. बसून खाण्याची सोय नव्हती. एक खिडकी, आत दोन भट्ट्या, बाहेर फूटपाथवर लाकडी बाक. मालकीणबाई साठीच्या, हाक्का चिनी. नवरा कढईवर उभा असे, आणि मुलगी संध्याकाळी आपली नोकरी आटोपून आली की हिशेब पाहत असे. सगळी वस्ती त्यांना आंटी म्हणे, म्हणून मीही आंटीच म्हणू लागलो.

आपल्याकडे 'चायनीज' म्हटले की लाल रंगाचा तांबडा भात आणि चौकातली गाडी डोळ्यांपुढे येते. ज्या मंचुरियनशिवाय ती गाडी चालत नाही, ते १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी सिद्ध केले असे मानले जाते, आणि हे वांग मूळचे कोलकात्याचे. कोलकात्यातले चिनी खाणे याहून पुष्कळ जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून बजबजजवळ साखरेचा कारखाना काढणारा एक चिनी व्यापारी तिथे आला, आणि त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. पुढे चिनी वस्ती तिरेट्टा बाजारात वाढली, मग तांगड्यात. तांगड्यातील हाक्का लोक कातडी कमावीत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले चर्मोद्योग शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिल्यावर त्यांपैकी कित्येक कारखान्यांच्या जागी खानावळी उभ्या राहिल्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण आवडावे. एका न्यायालयीन आदेशाने भांडवल एका धंद्यातून निघून दुसऱ्यात गेले, आणि शहराची रविवार संध्याकाळ बदलली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पार्सल नेण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची एक अडचण असते, ती बसून खाण्याच्या हॉटेलात नसते. मीठ कमी आहे, मिरची चिकन सांगितले त्यात रस्सा घातला आहे, चार जणांना तीनच चमचे दिले आहेत, हे सर्व त्याला कळते ते घरी जाऊन डबा उघडल्यावर. तोवर पैसे दिलेले असतात, दुकान मागे राहिलेले असते आणि पोरे ताटे घेऊन बसलेली असतात. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचे काय होते यावर जॉर्ज अकेर्लोफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन एक लहानसा निबंध लिहिला, आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. एम. ए. ला तो निबंध मी परीक्षेपुरता वाचला होता. त्याचे उत्तर मात्र आंटींच्या खिडकीत पाहिले.

त्या दुकानात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे डबे होते, वर पुठ्ठ्याचे झाकण, आणि पत्र्याच्या कडा त्यावर दुमडून तो बंद करायचा. आंटींचा नियम असा की कडा दुमडण्यापूर्वी डबा उघडाच खिडकीच्या फळीवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाकडे वळवायचा. "देखे निन," म्हणजे पाहून घ्या, एवढेच त्या म्हणत. गिऱ्हाईक पाही, मान हलवी, मग कडा दुमडल्या जात. रस्सा पातळ वाटला तर डबा तसाच आत जाई आणि दोन मिनिटांत परत येई. दुर्गापूजेच्या दिवसांत बाकाजवळ वीस-पंचवीस माणसे ताटकळत असत, तेव्हाही हा नियम मोडलेला मी पाहिला नाही. एकदा मी त्यांना म्हटले की यात वेळ जातो. त्यावर त्यांचे उत्तर असे: इथे सुधारायला दोन मिनिटे लागतात, माणूस घरी जाऊन परत आला तर त्याची संध्याकाळ जाते आणि माझे गिऱ्हाईक जाते.

तरीही चव डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तक्रारी येतच. त्यांच्यासाठी खिडकीच्या आतल्या बाजूला खिळ्याला दोरी बांधून एक शाळकरी वही टांगलेली असे. तिच्यात नावे नव्हती. घराचा क्रमांक, पदार्थ आणि शेरा, एवढेच. अमुक ब्लॉक, तिसरा मजला, भात कोरडा. डॉक्टरांचा ड्रायव्हर, चमचे विसरले. कोपऱ्यावरचे घर, आजी आहेत, तिखट नको. पुन्हा त्या घरून फोन आला की मुलगी आधी वही पाही आणि मग आत हाळी देई. मी लेखापरीक्षा व लेखा सेवेतला माणूस. दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासण्याबद्दलच मला वेतन मिळते, त्यामुळे ही वही मी जरा अधिकच लक्षपूर्वक पाहिली. सरकारी तक्रार नोंदवहीत शेवटचा रकाना 'कार्यवाही' हा असतो आणि त्यात बहुधा 'संबंधितांस कळविले' असे लिहिलेले असते. या वहीत तो रकानाच नव्हता. तक्रार ऐकणारी, ती नोंदवणारी आणि ती दूर करू शकणारी माणसे सहा फुटांच्या आत उभी होती, त्यामुळे कळवायचे कोणाला हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगावेत! एका थाळी चाउमिनमध्ये तिघे जेवणारे विद्यार्थी असत. एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांची भात कोरडा असल्याची तक्रार प्रत्येक खेपेस असे आणि तरीही दर मंगळवारी आणि शनिवारी ते येत. अजिनोमोटो घातले नाही ना, असे दबक्या आवाजात विचारणाऱ्या गृहिणी होत्या. (तो पदार्थ जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळा केला, आणि त्याची भीती पसरली ती १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पत्रामुळे. पिकलेल्या टोमॅटोत तोच घटक नैसर्गिकरीत्या असतो, पण टोमॅटोबद्दल कोणी दबक्या आवाजात विचारीत नाही.) एक मारवाडी कुटुंब शाकाहारी नूडल्स नेई. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले की कढई वेगळी आहे का. आंटी म्हणाल्या, कढई वेगळी आहे, झारा वेगळा आहे, चूल एकच आहे, आता तुम्ही ठरवा. कुटुंब त्या दिवशी परत गेले. आठवड्याने आले आणि पुढे नियमित येत राहिले. चूलही वेगळी आहे असे सांगणारे दुकान त्याच रस्त्यावर होते, आणि तिथे वेगळी चूल मावेल एवढी जागा नव्हती हे सर्वांना दिसत होते.

तक्रारीचे दार उघडे ठेवले की लबाड लोक आत शिरतात, ही आपल्या कचेऱ्यांतली जुनी भीती आहे. ती निराधार नाही. तिथेही एक गृहस्थ होते. निम्मा डबा संपवून परत यायचे, वास येतो म्हणायचे आणि नवा डबा न्यायचे. तीन वेळा आंटींनी काही न बोलता नवा डबा दिला. चौथ्या वेळी त्यांनी ऑर्डर दिली तेव्हा डबा बंद करण्याआधी एक चमचा त्यांच्या हाती ठेवला आणि सांगितले, "दादा, खाऊन पाहा." गृहस्थांनी खाल्ले. चांगले आहे म्हणावेच लागले, कारण बाकावर सात-आठ माणसे ऐकत होती. त्यानंतर वास आला नाही. सर्वांसाठी अर्जाचा नमुना किचकट करणे आणि पुराव्यांची यादी वाढविणे हा आपला उपाय. एका माणसापुरती तपासणी अलीकडे ओढणे हा त्यांचा.

हे पाहता पाहता मला आपले दाखले आठवू लागले. जन्माचा दाखला, निवृत्तिवेतनाचा आदेश, सातबारा, मतदार ओळखपत्र ही सारी बंद डब्यातली पार्सले आहेत. नावातली वेलांटी चुकली, जन्मसाल चुकले, हे नागरिकाला घरी गेल्यावर दिसते. खिडकीवर एका मिनिटात दुरुस्त होणारी चूक त्यानंतर अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि रजा टाकून घातलेल्या चार खेपा मागते. चूक खात्याची आणि खर्च नागरिकाचा. आपल्याला हे ठाऊक नाही असे नाही. आधार नोंदणीच्या वेळी संगणकाचा दुसरा पडदा नागरिकाकडे वळवून ठेवण्याची पद्धत आहे, पासपोर्ट सेवा केंद्रातही छपाईपूर्वी तपशील अर्जदाराला दाखवतात. ज्याने कोणी ही कल्पना काढली, त्याने मोठे काम केले असे मी समजतो. पण ती दोन-चार जागीच राहिली.

त्या सुमारास मी निवृत्तिवेतनाचे काम पाहणाऱ्या एका लेखा कार्यालयात होतो. आदेश काढण्यापूर्वी त्याचा मसुदा निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला दाखवावा, सात दिवसांत काही दुरुस्ती आली नाही तर आदेश काढावा, असे मी सुचवले. शाखाधिकारी अनुभवी होते, कामसू होते, आणि त्यांचा आक्षेप मला आजही विचार करण्याजोगा वाटतो. ते म्हणाले, "साहेब, मासिक विवरणपत्रात प्रकरण किती दिवस प्रलंबित आहे हा रकाना आहे, आदेशात चुका किती निघाल्या हा रकाना नाही. सात दिवस थांबलो तर आपली शाखा मागे पडलेली दिसेल, आणि चुका कमी झाल्या हे कोणालाच दिसणार नाही." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शेवटी आम्ही फक्त नाव, जन्मतारीख, जोडीदाराचे नाव आणि बँक खाते एवढ्याच चार बाबी आधी दाखवू लागलो, आणि सात दिवसांचे तीन केले. दुरुस्तीचे अर्ज कमी झाले. विवरणपत्रात आमची शाखा दोन महिने मागे दिसली, आणि त्याचा खुलासाही द्यावा लागला.

दुकानाच्या खिडकीवर दुसरीही एक गोष्ट दिसे. सरकारविषयीच्या तक्रारीही तिथेच येत. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा वातानुकूलित उपाहारगृहांवर अठरा टक्के आणि बिगर-वातानुकूलितांवर बारा टक्के असा दर होता. पंधरा नोव्हेंबरपासून दोन्हींवर पाच टक्के झाला. फूटपाथवर घामाघूम उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाने आपल्याला बारा टक्के का, हे विचारले ते आंटींना. करपरिषदेला विचारायला तो कुठे जाणार? आंटी शांतपणे सांगत, वरून आले आहे. मी सरकारी नोकर आहे एवढे त्यांना माहीत होते, कोणत्या खात्यात हे मी कधी सांगितले नाही. बाकावर बसून मी ते सर्व ऐकत असे.

२०१८ मध्ये मुलीच्या आग्रहाने दुकान घरपोच अन्न पोचविणाऱ्या मोबाइल कंपन्यांशी जोडले गेले. गिऱ्हाईक वाढले हे खरे. कमिशन जवळजवळ पाव हिश्शाचे होते, तेही त्यांनी सोसले असते. त्यांना लागले ते वेगळेच. डबा आता गिऱ्हाइकाकडे वळवता येईना. तक्रार फोनच्या पडद्यावरून कुठल्यातरी दूरच्या केंद्राकडे जाई, तिथे ती मंजूर होई, आणि आठवड्याच्या हिशेबात तेवढी रक्कम कापून येई. कारण म्हणून दोन शब्द: पदार्थ सांडला. स्कूटरवर सांडला की डबा नीट दुमडला नव्हता, हे समजायला मार्ग नव्हता. गिऱ्हाइकाचा क्रमांक झाकलेला, घर माहीत नाही. वहीत लिहायचे काय? त्या आठवड्यांत वहीची पाने कोरी राहू लागली आणि दुकानाला पाचपैकी किती तारे मिळाले हे मुलगी रोज रात्री मोजू लागली. तक्रार ऐकणारा आणि ती दूर करू शकणारा यांच्यात अंतर पडले की काय होते, हे सरकारातल्या माणसाला नवीन नाही. खाजगी क्षेत्र तेच अंतर आपल्या पैशाने विकत घेते, हे मात्र मी प्रथमच पाहिले.

त्याच वर्षी आंटींचे यजमान वारले. पंधरा दिवस दुकान बंद होते. मग एक आचारी ठेवून त्यांनी ते पुन्हा उघडले, आणि परवाना स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अर्ज केला. इथून पुढची हकीगत मी अनेकदा मनाशी उगाळली आहे.

चिनी नावात आडनाव आधी येते, नंतर दोन अक्षरांचे नाव. शाळेच्या दाखल्यावर हे तीन शब्द सुटे होते. मतदार ओळखपत्रावर ते बंगाली उच्चाराप्रमाणे एकत्र जोडलेले. पॅन कार्डावर आडनाव शेवटी गेले, त्यामुळे तिथे क्रम उलटला. आधारवर नवऱ्याचे आडनाव लागले. बँकेच्या पासबुकात आणखी एक स्पेलिंग. परराज्यात राहणाऱ्या मराठी वाचकांना यातले थोडे तरी अनुभवाचे असेल. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, ते आडनाव आहे का, मग आडनावाचे आद्याक्षर कोणते, ही प्रश्नोत्तरे आपण दक्षिणेतही केली आहेत आणि दिल्लीतही. अर्ज परत आला, कारण नावे जुळत नाहीत. त्यांनी 'एकच व्यक्ती' असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. त्यात चार रूपे लिहिली होती, पासबुकातले पाचवे राहून गेले होते, म्हणून अर्ज पुन्हा परत आला. तिसऱ्या खेपेस खिडकीवरचा माणूस बदलला होता आणि त्याने पहिल्यापासून सर्व मागितले.

मी म्हटले, आंटी, तक्रार करा. मसुदा मी लिहून देतो. सरकारी भाषेत कसे लिहायचे ते मला येते.

त्या नाही म्हणाल्या. दोन-तीनदा सुचवूनही नाहीच. ज्या बाईंनी आयुष्यभर रोज दहा माणसांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आणि भरून दिल्या, त्या स्वतःची एक तक्रार करायला तयार नव्हत्या. मला हे कोडे वाटले. त्याचा उलगडा त्यांनीच एका पावसाळी रात्री केला, गिऱ्हाईक नसताना, फार सांगायचे नाही अशा सुरात.

त्या मूळच्या कोलकात्याच्या नव्हत्या. आसामातल्या माकुमच्या. चहाच्या मळ्यांमुळे तिथे चिनी वस्ती जुनी होती, आणि त्यांचे वडील तिथेच जन्मले होते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये युद्धाच्या काळात पोलीस आले, थोडे दिवसांचे सामान घ्या म्हणाले, आणि मग आगगाडीने सर्वांना राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेले. आंटी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. अशी सुमारे तीन हजार माणसे तिथे ठेवण्यात आली होती. त्या वर्षी केलेल्या कायद्यात, ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही कधीही शत्रुदेशाचे नागरिक होते, त्यालाही परकीयांचे निर्बंध लावण्याची सोय होती. काहींना चीनला पाठवण्यात आले. काही जण कित्येक वर्षांनी सुटले, तोवर मागे राहिलेली घरे-दुकाने लिलावात गेली होती. त्यांचे वडील सुटल्यावर माकुमला न राहता कोलकात्यास आले आणि नातलगांच्या बुटांच्या दुकानात कामाला लागले. रीता चौधुरी यांच्या 'माकाम' या २०१० मधील असमिया कादंबरीचा विषय हाच आहे. मराठी वाचकाला याची माहिती सहसा नसते, मलाही पुस्तकी तेवढीच होती.

आंटी म्हणाल्या, "बाबा सांगत, यादीत आपले नाव शोधायला कोणी आले तर उत्तर द्यायचे. आपण होऊन कधी नाव लिहून पाठवायचे नाही."

अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० चे 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक आमच्या पिढीच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा बोलणे. यांपैकी कोणता तो पत्करील हे निष्ठेवर अवलंबून असते. पुस्तकाचा उगम नायजेरियातल्या रेल्वेच्या निरीक्षणात होता. दुकान आवडले नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. नागरिकाला दुसरे परवाना कार्यालय नसते, म्हणून त्याच्यापुढे बोलणे एवढाच मार्ग उरतो, असे मी वर्गात शिकवीत असे. आंटींच्या समाजाने यातला वेगळाच पर्याय निवडलेला होता. कोलकात्यातील चिनी वस्ती एकेकाळी मोठी होती, आज ती काही हजारांवर आली आहे. आंटींचे दोघे भाऊ टोरांटोला, नणंद टोरांटोला, शेजारचे बुटांचे दुकानदार टोरांटोला. बोलण्यासाठी एक गृहीत लागते, की बोलल्याने आपले काही बिघडणार नाही. हे गृहीत ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी एकवीस दिवस काय आणि एक दिवस काय, दोन्ही सारखेच. आणि आपल्या तक्रारींच्या आकडेवारीत असा माणूस समाधानी नागरिक म्हणून मोजला जातो, कारण त्याने तक्रार केलेली नसते.

२०२० च्या मार्चमध्ये साथ आली आणि ज्या घरपोच कंपन्यांवर आंटी नाराज होत्या, त्यांच्याच जोरावर दुकान टिकले, हे नमूद करायला हवे. मग जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले. लोकांच्या मनात संताप होता, तो समजण्यासारखा होता. चिनी पदार्थ विकणारी उपाहारगृहे बंद करावीत असे जाहीर आवाहनही झाले. त्या आठवड्यात दुकानाच्या पाटीवरच्या ड्रॅगनवर मुलीने निळे प्लास्टिक बांधले. दोन दिवस बाक रिकामा होता. काहींनी भीतीने येणे टाळले असेल, काहींनी रागाने. ठराविक घरांचे फोनही आले नाहीत. मंगळवार होता, म्हणून शाळामास्तर आले, तोंडाला मुखपट्टी लावून. त्यांनी नेहमीचा भात मागितला, उघडा डबा पाहिला आणि रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले की भात कोरडा आहे, गेली वीस वर्षे हा असाच कोरडा आहे, तरी मी शनिवारी पुन्हा येणार आहे. आंटींनी डबा आत पाठवला. औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेतले दोघे तिथून निघून बाकाजवळ येऊन उभे राहिले.

२०२१ मध्ये माझी बदली हैदराबादला झाली. परवान्याचे काम तेव्हाही व्हायचेच होते, आणि व्यवसाय एका मृत माणसाच्या नावावर चालला होता. निघण्यापूर्वी मी मुलीच्या हाती तक्रारीचा मसुदा ठेवला. ती कोलकात्यातच जन्मलेली. यादी, छावणी हे तिने ऐकलेले, पाहिलेले नव्हे. आईला न सांगता तिने तो स्वतःच्या नावाने दाखल केला. पहिले उत्तर आले, 'संबंधित कार्यालयास कळविले, तक्रार निकाली.' तिने अपील केले.

पुढचे तिने फोनवर सांगितले. कार्यालयातून बोलावणे आले, मायलेकी गेल्या. खिडकीवर एक तरुण कारकून होता. त्याने पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, बराच वेळ पाहिले, मग संगणकाचा पडदा फिरवून आंटींकडे केला आणि विचारले, मासीमा, तुमचे नाव कसे लिहायचे ते तुम्हीच सांगा. आंटींनी एकेक अक्षर सांगितले. छापील परवाना तासाभराने मिळाला. मुलगी म्हणाली, चला आता. आंटी हलल्या नाहीत. तिथेच खिडकीपाशी चष्मा काढून, पुसून, परत लावून त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पत्ता वाचला, पिनकोडचे आकडे बोटाने मोजले. मागच्या रांगेतली माणसे कुरकुर करू लागली होती.